फुलाची पाठ आधी बघा

पोरांनो, रंगावर जाऊ नका. सूर्यफुलाच्या कुळातली झुडपं ओळखायची असतील तर एवढं आधी मनात पक्कं करा, बाकीचं मागून. पिवळं दिसलं की सोनकी, पांढुरकं-जांभळट दिसलं की रानमोडी, असं म्हणत रानातून जाणारी माणसं मी जन्मभर पाहत आले. हात रिकामे असतात तोवर त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पण आता गावोगावी रानमोडी काढायची श्रमदानं होतात, तुम्ही कोयते-कुदळी घेऊन उत्साहाने जाता आणि दुपारपर्यंत अख्खा उतार मोकळा करता. त्या उतारावर आपल्या सह्याद्रीची जुनी झुडपंही उभी असतात, तीही त्याच ढिगाऱ्यात जातात. हे मला बघवत नाही, म्हणून लिहून ठेवते आहे. यातलं काही माझ्या आईने गुरांमागे हिंडताना सांगितलं, काही पुढे पुस्तकं आणि भिंग हाती आल्यावर कळलं. दोन्ही सारखंच उपयोगी पडलं.

या कुळाची एक खूण सगळ्यांना लागू आहे, ती आधी समजून घ्या. आपण ज्याला एक फूल म्हणतो त्यात खरं तर दहा-वीसपासून शेकड्यांपर्यंत बारीक फुलं दाटीने बसलेली असतात. सूर्यफुलाच्या मधल्या काळसर चकतीवरचा प्रत्येक ठिपका एक स्वतंत्र फूल असतो, आणि प्रत्येकाखाली एक बी धरते. कडेला पाकळ्या दिसतात तीही फुलंच, फक्त एका बाजूने लांबलेली. पुस्तकात मधल्यांना बिंबपुष्पकं आणि कडेच्यांना किरणपुष्पकं म्हणतात. काही झुडपांत दोन्ही असतात, काहींत फक्त मधली. या सगळ्या गर्दीला खालून धरून ठेवणारी हिरवी वाटी असते. ती बारीक पानांची बनलेली असते, त्या पानांना छदं म्हणतात. मी त्या वाटीला फुलाची पाठ म्हणते. जगात या कुळाच्या पंचवीस हजारांहून जास्त जाती आहेत. पुढून त्यातल्या कितीतरी एकमेकींसारख्या दिसतात, पाठीने मात्र बऱ्याच वेगळ्या पडतात.

तेव्हा झुडूप समोर आलं की तीन ठिकाणी बघायचं. पान फांदीला कसं जोडलंय, फुलाची पाठ कशी आहे आणि सुकलेल्या फुलातल्या बीला काय लागलंय. रंग, उंची आणि वास यांचा नंबर त्यानंतर.

आता रानमोडी. हिच्यावर जरा जास्त वेळ घालवते, कारण कोयता हिच्याच नावाने निघतो.

ही अमेरिकेच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या वनस्पतिबागेत आली आणि तिथून सुटली. आज कोकणात, कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, पुढे गोवा-केरळपर्यंत रस्त्याच्या कडा, पडीक वरकस जमिनी आणि जंगलाच्या वाटा तिने भरून टाकल्या आहेत. माणसापेक्षा उंच वाढते, झाडाचा आधार मिळाला तर त्यावर चढते. जुन्या पुस्तकात हिचं नाव युपॅटोरियम ओडोरॅटम असं सापडेल, नव्यात क्रोमोलीना ओडोरॅटा. झुडूप एकच आहे, घोटाळून जाऊ नका.

फूल नसताना ती ओळखता आली पाहिजे, कारण उपटायचा खरा हंगाम पावसाळ्याच्या सुरुवातीचा, तेव्हा जमीन मऊ असते आणि मूळ सगळं निघतं. त्या वेळी हिला एकही फूल नसतं. मग पानं बघा. पानं समोरासमोर, जोडीजोडीने येतात. त्या जोडीच्या बगलेतून फांद्याही जोडीनेच फुटतात, खोडाशी जवळजवळ काटकोनात. पान त्रिकोणी, कडेला मोठे मोठे दाते, आणि देठापासून किंचित वर, पान जिथे रुंदावतं तिथून तीन ठळक शिरा निघतात. मधली शेंड्याकडे, बाकी दोन दोन्ही कडांकडे. ही तीन शिरांची खूण आईने मला बोटाने पानावर ओढून दाखवली होती आणि आजवर ती खोटी ठरलेली नाही. पान चुरगळलं की उग्र वास येतो, टर्पेंटाइनच्या जवळचा. कोवळ्या शेंड्याच्या पानांवर पुष्कळदा जांभळट झाक असते. चराऊ रानात आणखी एक गोष्ट दिसते. आजूबाजूचं सगळं खाल्लेलं आणि हिची झुडपं तेवढी शाबूत. तिच्या पाल्यात नायट्रेटचं प्रमाण जास्त असतं आणि गुरांना तो बाधतो, म्हणून त्यांनी ती सोडली तर उगाच कापून दावणीला घालू नका.

नोव्हेंबरपासून फुलं येतात आणि मग रान दुरून धुरकट पांढरं दिसू लागतं. फुलाला कडेच्या पाकळ्या नाहीत, फक्त बारीक नळ्यांचा झुबका आणि त्यातून बाहेर आलेले दोऱ्यासारखे तंतू. हातात घेऊन आडवं करा. हिरवी पाठ लांबट, बारीक नळीसारखी, साधारण एक सेंटिमीटर लांब आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रुंद. छदं एकीवर एक चढलेली, घराच्या छपरावरच्या कौलांसारखी, खालची आखूड आणि वरची लांब. असं फूल, त्याखाली जोडीची पानं, पानात तीन शिरा. तिन्ही जुळलं तर रानमोडी, मग खुशाल उपटा.

आणि आता ती, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. व्हर्नोनियाच्या गटातलं आपलं एक मोठं झुडूप आहे, काही भागांत त्याला बुंदर म्हणतात. तेही उंच वाढतं, त्याच्याही शेंड्यावर बारीक पांढुरक्या-जांभळट फुलांचे मोठे पसरट घोस येतात, तेही हिवाळ्याच्या उत्तरार्धात, रानमोडी अजून फुललेली असते तेव्हाच. फुलाला कडेच्या पाकळ्या नाहीत. छदंही एकावर एक चढलेली. म्हणजे इथे नुसती पाठ बघून भागत नाही. इथे पान बघायचं. बुंदरची पानं एकाआड एक येतात, एक डावीकडे, पुढचं वर सरकून उजवीकडे. पानात मधली शीर एकच आणि तिच्यातून दोन्ही बाजूंना बारीक शिरांची रांग. तीन शिरांची खूण कुठेही नाही. फांद्याही समोरासमोर फुटत नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट फांदीवरून खालून वर फिरवा. दोन पानं एकाच जागी बोटांना लागली तर रानमोडीचा संशय धरा, एकेक करून लागली तर हात मागे घ्या. अंधार पडल्यावरही ही परीक्षा करता येते. सह्याद्रीतलं हे झुडूप अनेक ठिकाणी फक्त रानमोडीसारखं दिसतं म्हणून तोडलं जातं. त्याच्या गटातली बारकी सहदेवी तुम्ही सगळे ओळखता, अंगणात येते, जांभळी इवली फुलं आणि पांढरी म्हातारी उडवते. तिचीही पानं एकाआड एकच. तिच्यावरून या गटाची सवय डोळ्यांना लावून घ्या.

रानमोडी म्हणून आणखी एकीला मारलं जातं, ती ओसाडी. तिची कणव करायचं कारण नाही, तीही अमेरिकेतलीच आणि शेतात त्रासदायक आहे. पण वेगळी कळली पाहिजे, कारण दोघींचं काढणं वेगळं. ओसाडी एका वर्षात संपणारी, कंबरेच्या वर सहसा जात नाही, खोड लाकूड होत नाही, अंगभर मऊ पांढरी लव. पानं समोरासमोर असतात, हे रानमोडीसारखं. फूल मात्र आडवं करून बघितलं की खेळ संपतो. पाठ नळीसारखी लांब नसते, उघडी रुंद वाटी असते आणि तिची छदं जवळजवळ सारख्याच लांबीची. शंका उरली तर सुकलेलं फूल तळहातावर चुरा आणि बी भिंगाखाली धरा. रानमोडीच्या बीला केसांचा झुपका असतो, वाऱ्यावर तरंगतो. ओसाडीच्या काळ्या बीला केस नसतात, पाच टोकदार पांढरे खवले असतात. दहापटीचं साधं भिंग पुरतं.

जुन्या घरांच्या परसात, विहिरीच्या किंवा न्हाणीच्या पाण्यावर, आयापानाचा ताटवा असायचा. कुठे कुठे अजून आहे. तो या दोघींचा जवळचा नातेवाईक, पानं समोरासमोर, आणि पानात तीन शिराही आहेत. एवढ्यावरून त्याला रानमोडीचं पिल्लू समजून उपटू नका. आयापानाचं पान अरुंद, भाल्याच्या आकाराचं, गुळगुळीत. कडेला दाते नाहीत, अंगावर लव नाही. खोड लालसर जांभळं. वास सुगंधी, नाकाला बोचत नाही. हेही ब्राझीलकडून आलेलं, पण रक्तस्रावावरचं औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं आहे. ज्यांच्या परसात असेल त्यांनी एक फांदी शेजारी लावायला द्यावी.

घाणेरीचं एका ओळीत सांगून मोकळी होते. ती या कुळातली नाहीच. खोड चौकोनी, त्यावर वाकडे काटे, आणि पिकल्यावर काळी रसाळ फळं. आपल्या रानातल्या सूर्यफूल कुळातल्या कुठल्याही झुडपाला रसाळ फळ येत नाही, कोरडी बीच येते. उटी-कोडाईकनालकडे गेलात तर तिथे रानमोडीची दुसरी चुलत बहीण दिसेल, पांढऱ्याशुभ्र फुलांची, जांभळट चिकट लव असलेल्या खोडाची. तिचा इथल्याशी घोळ करू नका.

आता पिवळ्यांकडे वळू. इथे कोयत्याचं भय कमी, पण गैरसमज जास्त. श्रावण-भाद्रपदात डोंगर पिवळा झाला की लोक सरसकट सोनकी म्हणतात. सोनकी गुडघ्याच्या आसपासची, कातळावर आणि गडांच्या माथ्यांवर पसरणारी आपली स्वतःची वनस्पती. झुडूप नाही ती, पण पिवळ्यांची ओळख तिच्यापासूनच सुरू करावी, कारण तिची पाठ या सगळ्यांत सोपी आहे. छदं एकाच रांगेत, एकमेकींना चिकटून उभी, सारख्या उंचीची. एकीवर एक चढलेली नाहीत. अगदी बुडाशी दोन-चार बारीक छदं दिसतात, तेवढीच. ही एकेरी रांग म्हणजे सोनकीच्या साऱ्या गोत्राची निशाणी. पानं एकाआड एक, बीला मऊ पांढरे केस. पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांचा 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला त्यात कासचं पठार आहे, आणि तिथला पिवळा बहर मुख्यतः हिचाच. तिथे फूल उलटं करायचं तर वाकून, खोडावरच, न तोडता करा.

सोनकीच्याच दिवसांत, थोडं पुढेमागे, उतारावरच्या शेतात कारळे फुलतात. नाशिक-जुन्नरकडे खुरासणी म्हणतात. दुरून डोंगर सारखाच पिवळा. जवळ गेल्यावर कारळ्याची पानं समोरासमोर जोडीने, आणि फुलाच्या पाठीवर पाच रुंद, पानासारखी हिरवी छदं. कडेच्या पाकळ्या साधारण आठ. बी काळी, चकचकीत, तिला केस अजिबात नाहीत. चटणीत आपण तीच बी खातो, तेव्हा तिची ओळख वेगळी सांगायला नको.

तिसरी पिवळी-नारिंगी, रस्त्याच्या कडांनी आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर झपाट्याने पसरलेली, ती कॉसमॉस. लोक तिच्यासोबत हौसेने फोटो काढतात आणि बिया आपल्या गावी नेऊन टाकतात, हे मनाला लागतं. ती मेक्सिकोची आहे. पान बारीक चिरलेलं, समोरासमोर. पाठीवर बाहेरची अरुंद हिरवी छदं वेगळी उठून दिसतात आणि आतली वेगळी. बी सुईसारखी लांब, टोकाला दोन काटे, कपड्याला चिकटून येते. बी हातात आली की बाकी काही बघावं लागत नाही.

पिवळ्यांतलं खरं झुडूप म्हणजे घाटरस्त्यांना, बांधांना लागणारं मेक्सिकन सूर्यफूल. दोन-तीन मीटर उंच, हाताच्या पंजासारखं तीन ते पाच भागांचं पान, हिवाळ्याच्या तोंडाशी मोठी पिवळी फुलं, मधाचा वास. याला शेतातल्या सूर्यफुलापासून ओळखायला फुलाखालचा देठ चिमटीत धरा. फुलाच्या लगेच खाली तो फुगलेला आणि आतून पोकळ लागतो. पाठही वेगळी. सूर्यफुलाच्या छदांना लांब निमुळतं टोक आणि राठ केस, याची छदं आखूड, बोथट टोकांची, एकीवर एक. पुन्हा, शेतातलं सूर्यफूल एका हंगामात संपतं, हे वर्षानुवर्षं फुटत राहतं. केनियातले शेतकरी याचा पाला कापून हिरवळीचं खत म्हणून घालतात, आणि पाला खरोखर कसदार आहे. बांधावर आधीच असेल तर तसा वापरा, बी धरायच्या आत छाटून. पण नवीन रानात मुद्दाम लावू नका, फांदी टोचली तरी रुजतं ते.

गाजर गवत सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. 1955 च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि तिथून देशभर झालं. फुलावर आलेलं ओळखणं सोपंच, पांढरं बारीक बोंड आणि त्याच्या कडेला पाच कोपऱ्यांवर पाच इवल्या, मधे खाच असलेल्या पाकळ्या. चूक होते ती रोप लहान असताना. जमिनीलगत पसरलेलं चिरलेल्या पानांचं ते रोप कुणी शेवंतीचं म्हणून कुंडीत वाढवतो, आणि उलट, डोंगरावरचा ढोरदवणा कुणी गाजर गवत म्हणून उपटतो. ढोरदवणा जोतिबाला वाहतात त्या दवण्याचा भाऊबंद. त्याचं पान उलटं करा. खालची बाजू राखी-पांढरी, दाट लव असलेली, आणि चोळल्यावर दवण्याचा गोड-कडवट सुगंध. गाजर गवताचं पान दोन्ही बाजूंनी हिरवं, आणि दवण्याचा सुगंध त्याला नाही. शेवंतीच्या पानाचे भाग रुंद असतात आणि तिलाही आपला ओळखीचा वास आहे. मात्र गाजर गवताचा संशय असेल तर उघड्या हाताने चोळून वास घ्यायचा नाही. त्याने कातडीला खाज आणि चट्टे उठतात, काहींना श्वासाचा त्रास होतो. हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा. त्याच्या पानांवर करड्या-पिवळसर पाठीचे, गडद रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. तो मेक्सिकोतून आणलेला कीटक आहे, 1984 मध्ये बंगळुरूला मुद्दाम सोडलेला, आणि पावसाळ्यात तो गाजर गवताचाच फडशा पाडतो.

वासाचं निघालंय तर चवीचंही सांगते. या कुळातलं अनोळखी पान जिभेला लावू नका, कुणी जुनं माणूस सांगत असलं तरी. रानमोडी, ओसाडी आणि सोनकीचं गोत्र, यांत यकृताला बाधणारी अल्कलॉइडं असतात. रानमोडीचा रस कापल्या जागी लावायची रीत आहे, ती त्वचेपुरती. पोटात घ्यायची वनस्पती नव्हे ती. आणि हिवाळ्यात रानमोडीवर निळी-काळी फुलपाखरं गर्दी करतात तेव्हा कुणी म्हणतं, बघा, फुलपाखरांना किती आवडते, राहू द्या. त्यातल्या कित्येक जाती नेमकी हीच अल्कलॉइडं गोळा करायला येतात, आणि सोनकीच्या गोत्रातही त्यांना ती मिळतात. फुलपाखरं बसली म्हणून झुडूप इथलं ठरत नाही.

मोबाइलने फोटो काढता तेव्हा फुलाचा समोरून एकच काढता आणि मला पाठवून विचारता, आजी, हे काय? त्यावरून मी काय सांगणार? फांदीला पान जोडलंय तिथला एक काढा, त्यात निदान दोन-तीन पेरं दिसू देत. पानाची खालची बाजू एक. फुलाची पाठ एक. सुकलेल्या फुलातली बी तळहातावर ठेवून एक. समोरून काढायचा असेल तर शेवटी काढा. सोबत महिना, गाव आणि जमीन कशी आहे ते लिहा, कातळ, बांध, जंगलाची कड, जे असेल ते. एवढं मिळालं तर बहुतेक वेळा नाव सांगता येतं.

श्रमदानाच्या आधी, एखाद-दोन दिवस अगोदर, उताराची एक फेरी मारा. आपली म्हणून ओळखलेली झुडपं आणि ज्यांच्याबद्दल शंका आहे ती, सगळ्यांना लाल चिंधी बांधा. चिंधीवाल्याला त्या दिवशी कुणी हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या. रानमोडी नुसती छाटू नका, बुंध्यातून पुन्हा फुटते. मुळासकट काढा, तीही बी धरायच्या आत. फेब्रुवारीनंतर काढायला गेलात तर तिच्या बिया तुमच्याच कपड्यांना चिकटून पुढच्या डोंगरावर जातील. उपटलेली झुडपं रानात वाळत टाकू नका, उन्हाळ्यात वणव्याला तेवढंच पुरतं.

शंकेच्या झुडपाची फुलासकट एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, कागद रोज बदला म्हणजे बुरशी येत नाही. मग जवळच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे आणि ओळख पटवून घेता येते. नाव कळेपर्यंत चिंधी सोडू नका.